पोट नसलेली पाहुणी

कोल्हापूरला जाऊन आलेल्या माणसाला आमच्या वर्ध्यात पहिला प्रश्न खाण्याचा विचारतात. तांबडा रस्सा कसा होता? मिसळीने डोळ्यांत पाणी आलं की नाही? आपल्या सावजीपुढे त्यांचं तिखट टिकतं का? या सगळ्यांना माझं उत्तर एकच असतं, चमचाभर चाखलं, त्यावरून काय सांगू? कारण मला जठर नाही. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही, साडी नेसते, शाळेत भूगोल शिकवते, पण आत अन्नाची पिशवी असते ती जागा रिकामी आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी ती पिशवी काढून अन्ननळी थेट आतड्याला जोडली. तेव्हापासून मी दिवसातून सहा-सात वेळा, चिमणीसारखं खाते.

"अशा बाईने फिरायला कोल्हापूर निवडावं!" गाडी सुटताना नवरा खिडकीशी म्हणाला. तो हसत होता, पण त्यालाही ठाऊक होतं की मी फिरायला निघालेली नाही.

माझी आई पोटाच्या कर्करोगाने गेली तेव्हा मी कॉलेजात होते. मग मोठी बहीण सुषमा गेली, चाळिशीही न गाठता, त्याच रोगाने. सुषमाच्या डॉक्टरांना शंका आली. त्यांनी तिचं रक्त तपासलं आणि सांगितलं की हा दोष रक्तातून आलेला आहे, आईकडून. मग माझं रक्त तपासलं. माझ्यातही तोच दोष. पोटात दुर्बीण घालून पाहिलं तर सगळं स्वच्छ, गुलाबी. तरीही डॉक्टर म्हणाले, काढून टाका. मी रडले, भांडले, शेवटी तयार झाले. काढलेल्या जठराचे बारीक काप करून तपासले, तेव्हा त्या स्वच्छ दिसणाऱ्या अस्तराखाली कर्करोगाच्या पेशींचे ठिकठिकाणी सांडल्यासारखे ठिपके सापडले. 

"आईला भावंडं होती?" डॉक्टरांनी विचारलं होतं. "त्यांच्या मुलांना हे सांगायला हवं. शक्यतो समोर बसून सांगा."

एक मामा होता, पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीचा. वडील पाटबंधारे खात्यात होते, त्या भागात बदलीवर असताना आईशी लग्न जमलं, मग बदली होऊन दोघं वर्ध्याला आली ती कायमची. आई पुन्हा माहेरी गेली नाही. आम्हालाही कधी नेलं नाही. विचारलं की म्हणायची, "लांब पडतं गं." ती गेली तेव्हा मामा आला, अंगणात उभा राहिला, पाणीही न घेता परत गेला. पुढे तोही वारल्याचं कानावर आलं. त्याच्या मुलाचा, धनाजीचा, नंबर मी महत्प्रयासाने मिळवला आणि "भेटायला येते" एवढंच कळवलं.

कोल्हापूर

स्टेशनवर धनाजीदादा आणि त्याची मुलगी ऋतुजा घ्यायला आले होते. दादा पन्नाशीचा, उंच, मिशीला कलप. मला लांबूनच पाहून त्याने जी आरोळी ठोकली ती फलाटाच्या दुसऱ्या टोकाला गेली असेल.

"ए! तू शालनआत्याची मेधा न्हवं? लगीच वळखली! नाक त्येच हाय की!"

आमच्याकडे पहिल्या भेटीत माणसं जरा अंतर राखून बोलतात, "काहून बाप्पा, बरे आहात ना," एवढ्यावर भागतं. इथे दादाने माझी बॅग हिसकावून घेतली, मी किती हडकुळी आहे ते मोठ्यांदा सांगितलं आणि मिसळीच्या दुकानात नेऊन बसवलं. तवंग असलेला कट, वर फरसाण, शेजारी पावाच्या जाड फोडी. मी दोन चमचे घेतले आणि थांबले.

"का गं? तिखट झालं व्हय?"

"प्रवासाने पित्त झालंय, दादा."

"पित्तावर मिसळच चांगली," त्याने निकाल दिला आणि माझी वाटी आपल्याकडे ओढली. पण तोही अर्ध्यावर थांबला, ते मी पाहिलं. ऋतुजा म्हणाली, "पप्पा हल्ली असंच करतात. भरलं म्हणतात." मी त्या उरलेल्या वाटीकडे पुन्हा पाहिलं.

बाहेर आलो तर रस्त्यातल्या दोन बायका एकमेकींना सांगत होत्या, "मी काल आलतो, तू न्हवतीस." बाई स्वतःबद्दल बोलतेय आणि म्हणतेय आलो, गेलो! आई तशीच बोलायची. वर्ध्यात तिच्या शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. हळूहळू तिने ते बोलणं सोडलं आणि मला वाटत आलं की ती आईची एकटीची चूक होती. इथे तर अख्खं शहर तसं बोलत होतं.

कोडोली

गावात शिरताना दोन्ही बाजूंनी ऊस अंगावर येतो. कापसाच्या मोकळ्या रानात वाढलेल्या माणसाला आधी गुदमरायलाच होतं, पलीकडचं काही दिसत नाही. मध्येच तोडलेला फड लागला की एकदम लांबवर पन्हाळ्याची कड दिसते. घर स्लॅबचं, नवं, मागे म्हशींचा गोठा. वहिनी, म्हणजे दादाची बायको संगीता, चिकोडीकडची. बोलता बोलता कानडी शब्द सांडते. आणि गोठ्यातून हात पुसत आली ती अक्का, दादाची मोठी बहीण. साठीकडे झुकलेली, काटक, कपाळ मोकळं. लग्न झालेलं नाही हे मला येण्याआधीच माहीत होतं. का ते माहीत नव्हतं.

अक्काने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "शालनआत्याच आली म्हणायची," म्हणाली, आणि परत धारा काढायला गेली.

दुपारी पंगत बसली. तांबडा, पांढरा, सुकं मटण, ज्वारीची भाकरी. पांढरा रस्सा मला मानवला. नारळाच्या दुधाचा, मिरीचा मंद चटका देणारा. वाटीभर मी घोट घोट घेतला. भाकरीचा चतकोर तुकडा अर्धा तास चघळत बसले. वहिनीला ते लागलं. "नाही आवडलं का? सांगा की, दुसरं करतो." कोल्हापुरात पाहुण्याने नको म्हणणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार लावणं. मी पुन्हा पित्तावर ढकललं.

जेवण झाल्यावर सांगायचं असं मी ठरवलं होतं. पण हात धुवून येते तो ऋतुजाने साखरपुड्याची साडी आणून माझ्यापुढे उलगडली. मुलगा कागलचा, शिकलेला, औद्योगिक वसाहतीत नोकरीला. लग्न उन्हाळ्याच्या तोंडावर. ती साडीवरच्या बुट्ट्या दाखवत होती आणि मी त्यांवरून बोट फिरवत राहिले. त्या दिवशी सांगणं राहून गेलं.

गुऱ्हाळ

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा सगळ्यांना गुऱ्हाळावर घेऊन गेला. वर्ध्याची बहीण आली आणि गूळ न खाता गेली, असं व्हायला नको. मोठ्या काहिलीत रस उकळत होता, कडेने पिवळा फेस येत होता, वास असा की भरल्या पोटीही तोंडाला पाणी सुटावं. वहिनी घरी राहिली होती. दादाने ताज्या रसाचा ग्लास हातात दिला, वर गरम काकवीची वाटी.

मला गोड एकदम घेता येत नाही हे मला ठाऊक आहे. पण दादा, अक्का, ऋतुजा, गुळव्या, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. एक दिवस यांना नाही म्हणून झालं होतं. मी अर्धा ग्लास घेतला आणि काकवीचे चार चमचे.

थोड्या वेळात छाती धडधडायला लागली. घामाने पोलकं भिजलं. समोरची काहील सरकली आणि मी बाजूच्या चिपाडांच्या ढिगावर आडवी झाले. दादा ओरडला, "पाणी आणा रं कुणीतरी!" ऋतुजा माझे तळवे चोळू लागली. मी हाताने पाणी नको म्हटलं. पडून राहिलं की हे ओसरतं. पण त्यांचे चेहरे पांढरे पडले होते, आणि आता पित्त म्हणून चालणार नव्हतं.

"दादा, मला जठर नाही," मी पडल्यापडल्या म्हणाले. "ऑपरेशन करून पूर्ण काढलंय. गोड थेट आतड्यात उतरतं, म्हणून असं होतं."

दादा चक्क हसला. "पोट काढत्यात व्हय कुणाचं?"

अक्का हसली नाही. ती माझ्या उशाशी चिपाडांवर बसली, पदराने माझा घाम टिपला आणि अगदी हळू म्हणाली, "तुझ्यापतूर आलं म्हणायचं."

"काय आलं, अक्का?"

"घरातलं."

मी उठून बसले. मी हे सांगायला एवढ्या लांब आले, रात्र रात्र शब्द जुळवले, आणि यांना ठाऊक होतं?

"आज्ज्याला झालतं," अक्का सांगू लागली. "चुलत आज्ज्याला झालतं. मग आप्पांस्नी, म्हंजे तुझ्या मामाला. आदी घास उतरत न्हाय, मग उलट्या, मग हाडं. गावात आमास्नी पोटाचं घर म्हणत्यात. तुझ्या आईला लांब दिली ती उगं न्हवं बाई. हितं कोण करत न्हवतं. तुझा बा बदलीवर आलता, परका माणूस, त्येला काय ठावं? लगीन लावलं आनि आज्ज्यानं तिला सांगितलं, आता हिकडं फिरकू नगो. तुझ्या पोरीस्नी ह्या घराचं नाव लागाय नगो."

लांब पडतं गं. वर्ध्याला एका गाडीत बसलं की थेट कोल्हापुरात उतरता येतं, ते मी भूगोल शिकवणाऱ्या बाईने कधी मनात आणलं नाही. आणि त्याहून भयंकर दुसरी गोष्ट मला त्या चिपाडांवर बसल्या बसल्या कळली. आईला घास उतरेनासा झाला तेव्हा डॉक्टर कित्येक महिने तिला आम्लपित्ताची औषधं देत होते. घरात आधी कुणाला असा त्रास होता का, असं त्यांनी माझ्यासमोर विचारलं होतं. आई नाही म्हणाली होती. तिला पहिल्या घासापासून ठाऊक होतं काय होतंय ते. आमच्या लग्नांसाठी ती गप्प बसली आणि गप्प राहून मेली.

मी रडले नाही. मला रडू आलंच नाही. नुसता घाम येत राहिला.

"ही जुन्या बायकांची बडबड हाय," दादा म्हणाला. "आज्जा तमाखू खायाचा. आप्पांस्नी अल्सर झालता. चला घरला."

सोप्यावर

घरी आलो तरी बोलणं थांबलं नाही. दादा आणि अक्काची सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, जुंपली, आवाज चढले. त्यात "आप्पांचं बी त्येच" असं अक्का म्हणाली तेव्हा वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"काय म्हणालात, अक्का?"

वहिनीने ट्रे खाली ठेवला.

"मामांजींची उलटी मी भरली. त्यांचं अंथरूण मी धुतलो. मला अल्सर म्हणून सांगितलात. गावाला ठाऊक, अक्कांना ठाऊक, आनि माझ्या पोरीच्या बापाच्या पोटात काय हाय ते मला ठाऊक न्हाई?" ती नवऱ्याकडे वळली. "चिकोडीत येऊन पोरगी का मागितलात ते आज कळलं मला."

दादाचं तोंड उतरलं. मग त्याने तो सगळा राग माझ्यावर काढला. "तू लगीन मोडायला आलीस व्हय माझ्या पोरीचं?"

त्या घरात जिला काल डोक्यावर घेतलं होतं तिला आज हे ऐकावं लागलं. मी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवली आणि ऋतुजाला दाखवली. तिच्याशीच बोलणं मला जमणार होतं.

"पोटाच्या अस्तरातल्या पेशी अशा एकमेकींना धरून बसलेल्या असतात. प्रत्येकीच्या अंगावर एक प्रथिन असतं, ते म्हणजे ही बोटं. आपल्या घरात ते प्रथिन बनवण्याची सूचनाच एका बाजूने बिघडलेली आहे. ज्याच्यात ती बिघडलेली येते त्याच्या एखाद्या पेशीची पकड कधीतरी सुटते. मग ती एकेकटी आत शिरत जाते. गाठ होत नाही, म्हणून लवकर दिसत नाही."

ऋतुजा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. ती माझ्या हातांकडे बघत राहिली.

"ई-कॅडहेरिन," ती म्हणाली. "आत्या, हे आम्हाला दोन मार्कांना होतं."

तिने स्वतःची बोटंही तशीच अडकवली.

"म्हणजे माझ्यात पण असेल?"

"असेलच असं नाही. आधी दादाच्या रक्तात आहे का ते पाहायचं. त्याच्यात असेल तर तुझ्यात येण्याची शक्यता निम्मी. त्याच्यात नसेल तर तुला या घरातून काहीच आलेलं नाही."

"मी न्हाय कुठं येणार," दादा उठला. "मला कायबी झालेलं न्हाय."

वहिनी शांतपणे म्हणाली, "तुम्ही येऊ नका. मी पोरीला घेऊन जातो. मला फसवून आणलात, त्या कागलच्या पोराला तसं फसवणार न्हाई."

आणि कोपऱ्यातून अक्का म्हणाली, "माझं बी रगत घ्या म्हणावं. बघू तरी काय हाय त्यात."

पुन्हा कोल्हापूर

मुंबईच्या डॉक्टरांनी मला कोल्हापुरातल्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव दिलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी बायका एसटीने त्यांच्याकडे गेलो. बाई मधल्या वयाच्या, ठेंगण्या, कुणाचं बोलणं न तोडणाऱ्या. त्यांनी अक्काला आज्ज्यापासून सगळं विचारलं आणि अक्काने बाजारात भाव सांगावा तसं सगळं सांगितलं. आयुष्यात हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"पेशींची ही पकड दुसऱ्याही अनेक कर्करोगांत सुटते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "छातीतला असो, आतड्यातला असो, रोग पसरायला निघतो तेव्हा पेशींनी बहुधा शेजारणींचे हात सोडलेले असतात. तिथे ते मागाहून घडतं. तुमच्या घरातल्या काही जणांत मात्र धोक्याची सुरुवातच तिथून होते. बायकांना छातीचाही एक प्रकार होतो, तोही सहसा गाठ न करणारा. म्हणून नुसतं हाताने चाचपून निर्धास्त व्हायचं नाही."

अक्काचं रक्त घेतलं. ऋतुजाने बाही वर केली तर बाई म्हणाल्या, "तुझं आत्ता नको. वडील हवेत."

वहिनी खाली मान घालून बसली. तेवढ्यात बाहेर मोटारसायकलचा आवाज झाला आणि दादा दारात. अंगावर कालचाच शर्ट. त्याने आम्हा कुणाकडे पाहिलं नाही.

"डॉक्टर, पोटात कॅमेरा घाला आनि बघा की. दिसंल ते काढा. उगं पिढ्यांच्या गोष्टी कशाला?"

"दिसत नाही, हीच तर अडचण आहे," बाई म्हणाल्या. "कॅमेराही घालू, जागोजागचे तुकडे घेऊ. पण आधी रक्त. तुम्हाला थोडं खाल्लं की भरल्यासारखं वाटतं का?"

दादाने बाही वर केली. दिवाळीपासून असं होतंय, त्याने भिंतीकडे बघत सांगितलं. वहिनीने तोंडावर हात ठेवला.

ऋतुजा बाहेर व्हरांड्यात गेली होती. ती कागलला फोन करत होती. काचेतून दिसत होतं, ती एका हाताने ओढणीचं टोक पिळत होती आणि बोलत होती. आत आली तेव्हा डोळे लाल होते. "मीच सांगितलं," ती म्हणाली. "त्याला दुसऱ्याकडून कळायला नको." तो काय म्हणाला, हे तिला कुणी विचारलं नाही. वडिलांनीही नाही.

रंकाळा

दादा वहिनी आणि ऋतुजाला घेऊन पुढे गेला. अक्का म्हणाली, "तुझी गाडी उद्या हाय न्हवं? मग चल, मला रंकाळा दाव." मी हसले. कोल्हापूर जिल्ह्यात जन्म काढलेली बाई वर्ध्याच्या पाहुणीला रंकाळा दाखव म्हणत होती. "बघितलाय की," ती म्हणाली, "येसटीतनं. बसलो न्हाय कधी."

आम्ही तळ्याच्या कठड्यावर बसलो. उन्हं उतरली होती, पाण्यावर बगळे होते, मागे भेळेच्या गाड्या. अक्काने भेळ घेतली, मी तिच्या कागदातले चार कुरमुरे.

"मास्तर व्हता कागलचा," ती एकदम म्हणाली. "बघून गेला. पसंत पडलो मी त्येला. त्येच्या आईनं माझ्या हातात नारळ दिलता. मग गावातलं कोणतरी जाऊन बोललं, त्या घरातल्या मानसांची पोटं कुजत्यात म्हणून. नारळ परत घ्यायला मानूस आला. आणखी दोन आलते नंतर. मग मीच आप्पांस्नी म्हणलं, बास. कुणाच्या तरी पोराबाळांस्नी ह्ये देऊन काय करू? हितंच ऱ्हातो. म्हशी काय इचारत न्हाईत."

ती चवीने भेळ खात होती. मला खाता येईना, आणि यावेळी त्याचा जठराशी काही संबंध नव्हता. आमच्याकडे मुलीचं लग्न मोडलं की चार नातेवाईक येऊन गळ्यात पडतात, रडतात, निदान बोलतात तरी. या बाईने ते सगळं एकटीने गिळलं होतं आणि रोज पहाटे उठून धारा काढल्या होत्या.

"तुला राग नाही आला?"

"कुणाचा? खोटं थोडंच बोलत व्हते लोकं." तिने कागद चुरगळला. "आप्पा गेलेच की."

निघताना तिने मला स्टेशनवर यायचं कबूल केलं नाही. "म्हशी हाईत," म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी गाडी हलताना दादाच्या मागे ती उभी होती, हातात कापडात बांधलेली गुळाची ढेप. "तू खाऊ नगो. नवऱ्याला दे."

वर्धा

निकाल यायला काही आठवडे गेले. आधी दादाचा आला. दोष होता. दुर्बिणीत काही दिसलं नाही, पण घेतलेल्या तुकड्यांपैकी एकात त्या सुट्या पेशी सापडल्या. ऑपरेशन पुण्यात झालं. वहिनी त्याच्या उशाशी बसून राहिली. त्याच्याशी ती अजून मोजकंच बोलते, पण त्याच्यासाठी भाकरी कशी कुस्करायची ते मला फोन करून विचारते. दर दोन तासांनी चार घास, हे कोल्हापूरच्या माणसाला शिकवणं म्हणजे शिक्षाच आहे. दादा फोनवर ओरडतो, "ए मेधा, तुझ्यापायी माझा तांबडा गेला बघ!" मग आवाज उतरवून "लवकर आलीस बाई," म्हणतो. डॉक्टरांच्या मते रोग जठराबाहेर गेलेला नव्हता.

ऋतुजाचं लग्न पुढे ढकललं आहे. मोडलेलं नाही आणि ठरलेलंही नाही. कागलच्या मुलाच्या घरी चर्चा चालू आहे, तो स्वतः दोनदा दवाखान्यात येऊन दादाला भेटून गेला. ऋतुजाने स्वतःची तपासणी परीक्षेनंतर करायची ठरवली आहे. मी तिला घाई केली नाही. मला माहीत आहे ती वाट बघणं काय असतं.

अक्काचा निकाल सगळ्यांत शेवटी आला. एका संध्याकाळी मी वह्या तपासत असताना फोन वाजला. अक्का स्वतःहून कधी फोन करत नाही, म्हणून मी पेन खाली ठेवलं.

"डॉक्टरीण न्हाय म्हणाल्या गं," ती म्हणाली. "माझ्यात न्हाय त्ये. कदीच न्हवतं."

"अक्का!" मी ओरडलेच. "किती बरं झालं! किती बरं झालं गं!"

"व्हय," ती म्हणाली. "बरं झालं."

तिने बादली उचलल्याचा आवाज आला.

"पर मेधा," ती म्हणाली, "आता ह्ये मी सांगू कुणाला?"

पलीकडे गोठ्यात म्हैस रेकली, मग दुसरी.

"ठेवतो," अक्का म्हणाली. "धारंचा वकूत झाला."